कूस बदलण्याचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी रुग्णशय्येचा विषय काढल्याबद्दल आपण क्षमा कराल अशी आशा आहे. परंतु वडीलधाऱ्यांपैकी कोणीच कधी अंथरूण धरले नाही, असे घर आपल्यांत विरळाच.

आमच्या मातोश्रींना पक्षाघात झाला तेव्हा औषधपाण्यात आम्ही कसूर केली नाही. मात्र लागलेली झोप मोडू नये, या मायेपोटी रात्रभर त्यांना उताणेच राहू दिले. माकडहाडापाशी लाली दिसली. ती आम्ही तेल लावून चोळली. थोड्याच दिवसांत तेथे व्रण झाला. वय झाले, चालायचेच, असे आम्ही म्हणालो. ती आमची चूक होती, हे येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

शय्याव्रणाचे मूळ केवळ वयात नाही, दाबात आहे. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये त्वचा व मांस चेपले जाऊन तेथील रक्तप्रवाह खुंटतो. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो. दुर्बळ रुग्णास ते साधत नाही. म्हणून ते काम आपल्याकडे येते.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, धोका असलेल्या प्रौढाची स्थिती निदान दर ६ तासांनी, आणि धोका फार असल्यास दर ४ तासांनी बदलावी. कित्येकांस याहूनही लवकर वळवावे लागते; ते डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

कुशीवर वळविताना पाठीशी उशी देऊन सुमारे ३० अंश कलते ठेवावे, म्हणजे सारा भार खुब्यावर येत नाही. रुग्णास ओढू नये. दोघांनी चादरीसह उचलून सरकवावे. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्या. लाली दिसल्यास बोटाने दाबून पाहावी. ती फिकी पडली नाही, तर तो धोक्याचा इशारा होय. ती जागा चोळू नये, तिच्यावर भार देऊ नये आणि डॉक्टरांस दाखवावी. सावळ्या कातडीवर लाली सहसा दिसत नाही. तेथे ऊन वा कडक लागते काय, हे हाताने पाहावे.

पुढे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा आम्ही भिंतीवर वेळांचा कागदच लावला. रात्री दोनची पाळी आमची, पहाटे सहाची धाकट्या बंधूंची. अखेरपर्यंत त्यांच्या अंगावर व्रण उठला नाही.

बंधूंनो, हे काम आजवर आपण घरच्या सुनांवर सोपवून निश्चिंत झोपत आलो. एकटी स्त्री दिवसभर राबून रात्री किती वेळा उठणार? मातापित्यांची सेवा ही मुलांचीही जबाबदारी आहे. रात्रीची एक पाळी प्रत्येक पुत्राने स्वतःकडे घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.