एका माइकभोवती
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



थोड्याच वेळात तुम्हाला आमच्या तुकडीने मुद्रित केलेले एक गाणे ऐकवणार आहोत. ते कसे झाले हे सांगायला मला पाच मिनिटे मिळाली आहेत. वर्गात मला गप्प बसवता बसवता जे थकले ते सर समोरच बसले आहेत, म्हणून वेळ पाळतो.

गाणे आहे ‘शीळ’. कविता मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची, गायली जी. एन. जोशी यांनी. गंमत म्हणजे दोघेही वकील! १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची तबकडी आली आणि मराठी भावगीताची वाट रुळायला लागली. आम्हाला ते आपल्या संगीताच्या बाईंनी शिकवले. तेव्हाच ठरले, करायचे तर जुन्या तबकडीसारखेच करायचे.

आता मोबाइलवर एक बटण दाबले की कुठल्याही गाण्याला खरखर लावता येते. पण खरखर सुईची आणि लाखेची, गाणाऱ्यांची नव्हे. (हो, तबकड्यांत लाख असे. आपल्याकडे फाल्गुनात फुलतो त्या पळसावरही लाखेचे किडे पोसतात.) जुना आवाज येतो तो माणसे बसवण्याच्या पद्धतीतून. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा माइक नव्हताच. कर्ण्यासमोर उभे राहून जोरात गावे लागे. आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ ओढी. १९२५ च्या सुमारास माइक आला आणि हळू गाणाऱ्या गळ्यालाही तबकडीवर जागा मिळाली. एखादे वाद्य जड वाटले तर वादकालाच मागे सरकवत. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटे मावत. चुकले की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

आमची वाद्ये ऐका. पेटी एका मित्राच्या आजोबांची. भात्याला भोके पडली होती, ती चामड्याचे तुकडे डकवून बुजवली. दोन सूर मुकेच होते, ते साफ करून बोलते केले. तुणतुणे घरीच केले : तेलाचा रिकामा डबा, बुडाला चामडे, वेळूची काठी आणि पोलादी तार. बासरी आपल्याच डोंगरातल्या बांबूची. भोके तापल्या सळईने पाडली. ठेक्याला पाण्याचा माठ. त्याच्या मालकिणीने तो परत मागितला आहे, तेवढी नोंद घ्यावी.

आणि गाणारी? शाळेत प्रत्येक स्नेहसंमेलनात जी गायची, तीच. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षे तिने गाणे सोडले होते. हे सांगायची परवानगी तिनेच दिली आहे. आवाज आता बारीक झाला आहे, वरचा सा लागताना थरथरतो. कोणीतरी सुचवले, तिचा आवाज वेगळा घेऊ, संगणकावर मोठा करू, सूरही सरळ करू. ती म्हणाली, “मग मी कशाला? दुसऱ्या कोणालाही घ्या.”

तेव्हा एकच माइक मध्ये ठेवला. ती त्याच्यापासून वीतभर अंतरावर. पहिल्या खेपेला पेटीने तिला गिळले. पेटी चार हात मागे गेली. मग तुणतुणे, मग माठ. बासरीवाला तर उंबरठ्याबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तासाभरात आम्ही सगळे खोलीच्या कडेला गेलो आणि मध्ये ती एकटी उरली. तिने डोळे मिटले आणि गायली. तिचा आवाज कणभरही वाढवलेला नाही. आम्ही कमी झालो, एवढेच. शाळेत आमच्यापैकी प्रत्येकाची धडपड पुढच्या बाकासाठी, पुढच्या नंबरासाठी होती. मागे सरकण्यातही काही कसब लागते, हे मला पन्नाशीनंतर कळले.

मुद्रण रात्रीच करावे लागले, कारण आपले गाव कर्जत! घाट चढायला गाड्यांना मागून इंजिने लागतात, त्यांचे भोंगे थांबत नाहीत. दोन गाड्यांमधली वेळ साधत अकरा खेपा केल्या. अकरावी जमली. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच लांबून इंजिनाने शीळ घातली. ती काढून टाकायची का, यावर मतदान झाले. एकमताने ठेवली.

बाई, तो थरथरणारा सा तुम्हाला ऐकू येईलच. शाळेत असताना तुम्ही तो पुन्हा म्हणायला लावला असता. आज लावू नका, एवढी विनंती.

पेटी आता आपल्या शाळेच्या संगीत वर्गाला देत आहोत. भाता हळू ओढायला मुलांना सांगावे. आता पंखे बंद करा आणि मागच्या रांगेतल्यांनी, जमल्यास, आज तरी पुढे या.