पपईच्या देठाची पुंगी



तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही मास्तर म्हणून आलो. मुलांना लगोरी शिकवू लागलो. मुले खेळेनात. आम्ही म्हटले, यांना खेळच ठाऊक नाही.

एकदा वर्गात एक मुलगा पपईच्या देठाची पुंगी वाजवीत होता. तिघेचौघे हात गुंफून त्याच्याभोवती फिरत होते. आम्ही पुंगी मोडली. पाठीत रट्टाही दिला. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

पुढे भातकापणीच्या दिवसांत पाड्यावर तारपा वाजला. मधे तारपेवाला, भोवती बायामाणसांचा फेर. फेर वळतो, उलगडतो, पण तारप्याला पाठ कोणी दाखवीत नाही. तेव्हा कळले, पोरे तर हेच खेळत होती!

मूल जे बघते ते खेळते, बरे का. डहाणूच्या किनाऱ्यावर कोळ्याचे पोर वाळूत होडी लोटते. वारल्याचे पोर कारवीच्या काड्यांचा कूड उभारून चिखलाने लिंपते. शहरातले पोर खुर्च्या ओळीने मांडते आणि आगगाडीची शिटी वाजवते. आपल्याकडे सहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊनच खेळते. तिचे काम कुठे संपते नि खेळ कुठे सुरू होतो, सांगा बघू!

हे ताराबाई मोडक यांनी फार आधी ओळखले होते. 1945 साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. जोडीला अनुताई वाघ. इटलीच्या माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना पसंत होती, पण तिची साधने महाग. मग त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने घेतली. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुराख्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. गुरे चरत, पोरे शिकत.

हे कळल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. तो बकऱ्या घेऊन रानात गेला होता. बाप म्हणाला, "गुरुजी, तो आता नाय येत."

मग वर्गात चिकूच्या बिया मोजायला ठेवल्या. पुंगी वाजू दिली. त्याचा धाकटा भाऊ त्याच वर्गात शिकला.

परवा तो स्वतः बँकेत भेटला. आता केस पिकलेत. कागदावर अंगठा उठवला, बोट पुसले आणि म्हणाला, "राम राम गुरुजी."