साथीचे दिवस आणि बालवाडी

सुरत शहराच्या लिंबायत विभागात गोडादरा नावाची मोठी वस्ती आहे. पूर्वी ते शहराबाहेरचे एक गाव होते. कापडाच्या धंद्याबरोबर शहर वाढत गेले आणि हे गाव शहराच्या पोटात आले. तेथील गल्ल्यांतून गुजरातीच्या जोडीने मराठी सर्रास ऐकू येते, आणि त्या मराठीलाही अहिराणीचा ठसका असतो. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गाने आलेली ही माणसे यंत्रमागांवर आणि कापडबाजारात राबतात. ओरिसातील गंजामचा मागकामगार बहुधा एकटा येतो व खानावळीच्या खोलीत राहतो. खानदेशी माणूस मात्र बायकामुलांसह बिऱ्हाड थाटतो. त्यामुळे साथीच्या दिवसांत लहान मुलांना सांभाळणारी ठिकाणे उघडी ठेवावीत की बंद करावीत, हा प्रश्न तेथे रोजच्या भाकरीशी निगडित असतो.

पुरुष बारा तासांच्या पाळीवर जातो. स्त्री घरी असते खरी, पण मोकळी नसते. साड्यांना किनार शिवणे, टिकल्या चिकटवणे, लोंबते धागे कापणे असे नगावर मजुरी मिळणारे काम तिच्या मांडीवर असते. कारखान्यात तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तर तेथे पाळणाघर असले पाहिजे, असे १९४८ चा कारखाने कायदा २०२५ पर्यंत सांगत होता. पण ज्या स्त्रीचा कारखाना म्हणजे तिची स्वतःचीच दहा फुटांची खोली, तिच्यासाठी त्या कायद्यात पाळणा नव्हता. तिच्या वाट्याला येते ती सरकारी अंगणवाडी. गुजरातेत तिच्या इमारतीला नंदघर म्हणतात. तेथे मूल दिवसभर राहत नाही, काही तासच राहते. परंतु त्या काही तासांत त्याला गरम अन्न मिळते, गाणी मिळतात, महिन्याकाठी त्याचे वजन होते, आणि आईचे हात मोकळे राहतात. मुलांना घरोघर जाऊन घेऊन येणाऱ्या मदतनीस बाईला गुजरातीत ‘तेडागर’ म्हणतात. तेडणे म्हणजे बोलावून नेणे, तसेच कडेवर घेणेही. सरकारी हुद्द्याला इतके मायेचे नाव क्वचितच मिळाले असेल.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि १६ मार्चपासून गुजरातेतील शाळांबरोबर ही नंदघरेही बंद झाली. त्या वेळी ते योग्यच होते. रोग नवा होता, तो लहान मुलांना कितपत ग्रासतो हे कोणासच ठाऊक नव्हते, आणि सुरतेत लिंबायत विभागच आरंभी साथीचे मोठे केंद्र ठरला. एका खोलीत आजी-आजोबांसह सहा-सात माणसे राहतात, तेथे मुलाने बाहेरून आणलेला रोग वृद्धांस भोवेल ही भीती खोटी नव्हती. १९९४ च्या सप्टेंबरातील प्लेग आठवणाऱ्या सुरतकरांना तर साथ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्या वेळी लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले होते. पुढे एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा सुरतेच्या स्मशानांत रात्रंदिवस चिता जळत होत्या. अशा दिवसांत बालवाडी उघडा असे कोणताही शहाणा मनुष्य म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो या दोन काळोख्या टप्प्यांच्या मधल्या आणि नंतरच्या दिवसांचा. जून २०२० पासून कापडबाजार टप्प्याटप्प्याने उघडला, माग पुन्हा खडखडू लागले, पाळ्या सुरू झाल्या. जानेवारी २०२१ मध्ये दहावी-बारावीचे वर्ग भरले. फेब्रुवारीत सहावीपासूनची मुले शाळेत आली. त्याच फेब्रुवारीच्या २१ तारखेस सुरत महानगरपालिकेची निवडणूक झाली. प्रचारसभा झाल्या, मतदारांच्या रांगा लागल्या. नंदघरास मात्र कुलूपच होते. दुसरी लाट ओसरल्यावर पुन्हा तोच क्रम: जुलैत वरचे वर्ग, सप्टेंबरात सहावी ते आठवी, २२ नोव्हेंबर २०२१ रोजी पहिली ते पाचवी. अंगणवाड्या आणि बालवर्ग उघडले ते १७ फेब्रुवारी २०२२ रोजी. म्हणजे तेवीस महिन्यांनी! ज्यांना घरी एकटे ठेवता येत नाही त्यांची पाळी सर्वांच्या शेवटी आली. तीन वर्षे पुरी झाल्यापासून सहावे पुरे होईपर्यंत मुलाच्या वाट्याला बालवाडीचे छत्तीस महिने येतात. त्यांपैकी तेवीस कुलपात गेले. मार्च २०२० मध्ये चार वर्षांचे असलेले मूल दार उघडेपर्यंत सहा वर्षांचे होऊन पहिलीच्या वयाचे झाले होते.

हा क्रम उलटाही असू शकतो. डेन्मार्क देशाने १५ एप्रिल २०२० रोजी, पहिल्या लाटेतच, शिशुगृहे आणि खालचे वर्ग आधी उघडले, मोठ्यांच्या शाळा मागाहून. लहान मूल घरी असले की एक प्रौढ मनुष्य कामावरून उठतो, हा हिशोब त्यांनी केला. शिवाय कोरोनाने लहान मुलांना गंभीर आजार क्वचितच होतो, हेही पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागले होते. डेन्मार्कची घरे आणि गोडादऱ्याच्या खोल्या यांची तुलना होत नाही हे उघडच आहे. परंतु आपल्या देशातही १३ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रतिबंधित क्षेत्रे वगळून सर्वत्र अंगणवाड्या ३१ जानेवारीपर्यंत उघडाव्यात. न उघडावयाच्या तर राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तसे ठरविले पाहिजे. पाठोपाठ १६ जानेवारीस लस आली आणि तिच्या पहिल्याच टप्प्यात अंगणवाडीच्या कार्यकर्त्यांचा समावेश झाला. बाईंना लस मिळाली, पण बाईंची मुले घरीच राहिली.

सरकारने या काळात काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गूळ, तूप आणि गव्हाच्या पिठाची सुखडी घरोघर पोहोचविण्यात आली. कालपर्यंत मुलांना घेऊन येणारी बाई आता मुलांकडे डबा घेऊन जाऊ लागली. ‘उंबरे आंगणवाडी’ या नावाने दूरचित्रवाणीवर कार्यक्रमही दाखविण्यात आला. पण बाप बेकार बसलेल्या घरात आलेली सुखडी एकट्या धाकट्याच्या तोंडी कशी पडणार? ती सर्वांत वाटली जाते, आणि वाटली जावी हेच त्या घराच्या नीतीला धरून आहे. पंगतीत बसून खाल्लेला घास मात्र त्या मुलाचाच असतो. आणि दूरचित्रवाणी गाणे म्हणते, पण नाक पुसत नाही.

मग तेवीस महिने ही मुले कोठे होती? कोणी तरी त्यांना सांभाळतच होते. बालवाडी बंद झाली म्हणून मुलांचे एकत्र येणे थांबले, हा समज वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा. चाळीत मूल खोलीत मावत नाही, ते गल्लीतच असते. फरक इतकाच की तेथे हात धुवायला लावणारी बाई नसते, आजारी मुलास परत घरी धाडणारे कोणी नसते. आणि खोलीत कोणी पाहावयाचे, तर थोरल्या बहिणीने. अशा घरातील नऊ-दहा वर्षांच्या मुलीची शाळाही बंदच होती. तिचा वर्ग मोबाइलवर भरावयाचा, आणि मोबाइल बापाबरोबर पाळीवर गेलेला. तो घरी असला तरी एका कडेवर धाकटा भाऊ आणि दुसऱ्या हातात वर्ग हे कसे जमावे? एक बालवाडी मिटली की दोन मुलांचे शिक्षण मिटते. हिशोबाच्या वहीत मात्र एकच लिहिले जाते. चौथी-पाचवीच्या हजेरीपटाकडे ज्यांना पाहावे लागते त्यांना ही न लिहिलेली बाजू चांगली ठाऊक आहे: नाव पटावर, पण वाचन दुसरीचेही येत नाही, आणि चौकशी केली तर उत्तर येते, “भावाला सांभाळत होती.”

तेव्हा उघडावे की मिटावे असा दोनच दारांचा प्रश्न घालणे बरोबर नव्हे. अंगणवाडी हा शब्द ज्यांनी रूढ केला त्या ताराबाई मोडक राजकोटची मोठी नोकरी सोडून भावनगरास गिजुभाई बधेकांकडे गेल्या होत्या. गुजराती आणि मराठी बालशिक्षणाचा धागा तेथेच एकत्र वळला गेला. पुढे १९४५ साली बोर्डीस काम सुरू केल्यावर त्यांच्या ध्यानात आले की गरिबांची मुले बालमंदिरापर्यंत येत नाहीत. मग त्या आणि अनुताई वाघ बालमंदिरच उचलून मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. झाडाखाली, ओट्यावर, मोकळ्या हवेत, जवळ जे सापडेल त्या दगड-पानांचे साहित्य करून. अंगणवाडी म्हणजे मुळात इमारत नव्हेच! १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिने ते नाव घेतले आणि यथावकाश त्याला चार भिंती व कुलूप घातले.

कोरोनासारखा हवेतून पसरणारा रोग कोंदट खोलीत फोफावतो आणि उघड्यावर त्याचा जोर कमी पडतो. अशा वेळी ताराबाईंचे अंगण हे जुन्या आठवणीतले चित्र राहत नाही, ती आरोग्याचीच सोय होते. आठ-दहा मुलांचा एक गट, असे दोन-तीन गट दिवसाआड. महापालिकेच्या बंद पडलेल्या शाळेचे पटांगण, सोसायटीची मोकळी जागा. ताप-खोकला असलेले मूल घरी. ज्या घरात वृद्ध आजारी आहेत तेथे घरपोच अन्न. लाट चढू लागली की आठ-पंधरा दिवस थांबावे, उतरू लागली की पहिल्याच आठवड्यात पुन्हा बसावे. यास मोठा पैसा लागत नाही. लागतो तो अधिकार: वस्तीची हवा पाहून आज बसावयाचे की नाही हे ठरविण्याची मुभा तेथील कार्यकर्तीस आणि विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यास हवी. दाहोदच्या आदिवासी पाड्याला आणि लिंबायतच्या चाळीला गांधीनगराहून एकच हुकूम लागू करण्यात सोय आहे ती हुकूम काढणाऱ्याची.

आणि ज्या बाईवर हा भार टाकावयाचा तिच्याकडेही पाहिले पाहिजे. साथीत घरोघर फिरून आजाऱ्यांची नोंद करण्याचे काम तिलाच करावे लागले. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातेतीलच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या कार्यकर्त्या व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क असल्याचे सांगितले. त्या वेळी नंदघरे उघडून दोन महिने झाले होते. योजना तोवर शेहेचाळीस वर्षांची झाली होती.

साथीत काय चालू राहावे याची यादी दर वेळी निघते. दूध, औषध, वीज, पाणी, धान्याचे दुकान. २०२० च्या यादीत अंगणवाडीचे अन्न होते, अंगणवाडी नव्हती. पुढील यादी तयार होईल तेव्हा लहान मुलांच्या सांभाळाची ओळ धान्याच्या दुकानाखालोखाल लिहिली गेली पाहिजे. गोडादऱ्यात कोणत्या शाळेचे पटांगण मोकळे मिळेल, कोणत्या गल्लीत सकाळी सावली असते, कोणत्या घरी आजी खोकते, हे तेथील तेडागर बाईला आजही तोंडपाठ आहे. महापालिकेने ते तिला विचारून आताच लिहून ठेवावे.