अल्पदृष्टी बालकाच्या नित्याच्या गरजा



माणसे दोनच प्रकारची, एक डोळस व दुसरी अंध, ही समजूत समाजात फार जुनी आहे. या दोहोंच्या मध्ये असलेल्या बालकाची त्यामुळे मोठी कुचंबणा होते. ते काठी घेत नाही, सवंगड्यांबरोबर अंगणात धावते. मात्र वर्गात आल्यावर फळ्यावरची ओळ त्यास वाचता येत नाही. मग ‘सोंग करतो’, ‘लक्ष नाही’ असा शेरा त्यास सहज मिळतो. दृष्टिदोषाने होत नाही इतके नुकसान या शेऱ्याने होते. कारण असे बालक पुढे आपली अडचण सांगणेच सोडून देते.

अल्पदृष्टी म्हणजे केवळ चष्म्याची गरज नव्हे. योग्य चष्म्याने ज्याचा दोष नाहीसा होतो, त्यास चष्मा मिळवून दिला की काम भागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अंधत्व व अल्पदृष्टी यांच्या व्याख्या निरनिराळ्या केल्या आहेत. उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ च्या पुढे जात नाही, पण ३/६० पर्यंत टिकून असते, ती अल्पदृष्टी. ६/१८ याचा अर्थ असा की, निरोगी डोळा १८ मीटरांवरून जे अक्षर वाचतो, ते वाचण्यास या बालकास ६ मीटरांवर यावे लागते. दृष्टीचे क्षेत्र ४० अंशांहून कमी व १० अंशांपर्यंत असल्यास तीही अल्पदृष्टीच होय. असे संकुचित क्षेत्र असलेले मूल कधी पुस्तकातील बारीक अक्षर वाचते, पण पायाजवळच्या बादलीला अडखळते. वर्णहीन बालकाचे डोळे उन्हात दिपतात, तर काही विकारांत तिन्हीसांजेला वाट दिसेनाशी होते. तेव्हा ‘आता दिसते, मग दिसत नाही’ ही लबाडी नसून विकाराचेच लक्षण आहे.

दुसरा गैरसमज असा की, अधू डोळा वापरल्याने झिजतो. एके काळी जाणत्या लोकांचाही तसाच ग्रह होता. १९०८ मध्ये लंडन येथे तीव्र निकटदृष्टीच्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग निघाला. तेथे पुस्तक टाळून भिंतीवरील फळ्यांवर मोठ्या अक्षरांत काम चाले. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेतील नॅटली बरागा यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उरलेल्या दृष्टीस पद्धतशीर वळण दिल्यास तिचा उपयोग वाढतो, असे दिसून आले. नेत्रवैद्यांनी विशेष मनाई केली नसेल, तर पुस्तक डोळ्यांजवळ धरणाऱ्या बालकास हटकण्याचे कारण नाही. अंतर निम्मे झाले की अक्षर दुप्पट मोठे दिसते. बालकाने स्वतः शोधलेला तो उपाय आहे.

त्याच्या गरजा खर्चिक नाहीत. त्यास फळ्याजवळ बसवावे व उठून फळ्यापाशी जाण्याची मोकळीक द्यावी. खिडकीचा उजेड तोंडावर न येता पाठीमागून किंवा बाजूने यावा. फळा ओल्या फडक्याने पुसून काळा ठेवावा. खडूच्या धुळीने करडा झालेला फळा त्यास कोराच दिसतो. लिहिताना शिक्षकाने प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारावा. वहीत ठळक काळ्या रेघा आखून द्याव्यात, वाचण्यासाठी उतरती फळी द्यावी, म्हणजे मान अवघडत नाही. ‘हे’, ‘तिकडे’ असे न म्हणता ‘तुझ्या उजव्या हाताला’ असे सांगावे. समोरचा चेहरा त्यास ओळखू येईलच असे नाही; म्हणून हाक मारताना त्याचे नाव व आपलेही नाव घ्यावे.

पालकांनाही काही गोष्टी समजावून द्याव्यात. पांढऱ्या थाळीतील भात त्यास दिसत नाही, गडद थाळीत दिसतो. पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढला तर पडणे टळते. घागर, चप्पल, दप्तर यांची जागा ठरलेली असावी. मात्र दयेपोटी त्याचे प्रत्येक काम दुसऱ्याने करू नये. गणित, खेळ व वर्गातील पाळी यांतून त्यास वगळणे हाही एक अन्यायच आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा शिक्षकाने आपले निरीक्षण लिहून त्याच्या हाती द्यावे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यास अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने विनामूल्य मिळावीत, अशी तरतूद वरील अधिनियमात आहे. परंतु मिळालेले भिंग मुले हसतात म्हणून दप्तरातच राहिले, तर त्याचा उपयोग काय? शिक्षकाने एकदा त्याच भिंगातून पिंपळाच्या पानाच्या शिरा साऱ्या वर्गाला दाखवाव्यात. मग ते हसण्याचा विषय न राहता कुतूहलाचा होतो.

अशा बालकास ‘तुला दिसत नाही का?’ असे विचारले तर ते मान खाली घालते. ‘तुला कोठून नीट दिसते?’ असे विचारल्यास ते उठते, चार पावले पुढे येते आणि आपली जागा दाखवते. ती जागा त्यास मिळवून देणे शिक्षकाच्या हाती आहे.