पत्ते, पैसा आणि मी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी 'शाळेनंतरचे छंद' या सत्रात केलेले भाषण. बोलीभाषा तशीच ठेवली आहे.)



माझ्या आधी दोघं बोलले. एकजण गच्चीवरच्या भाजीपाल्यावर बोलला, एकीने नर्मदा परिक्रमा सांगितली. दोन्ही पुण्याची कामं. माझा विषय पत्त्यांचा आहे, तेही पैसे लावून खेळायच्या पत्त्यांचा. ग्रुपवर विषय टाकला तेव्हा अर्धा तास कुणी काही लिहिलं नाही, आणि मग एकदम सोळा हसणारे चेहरे आले. तर आधी सांगते, माझं घर, नोकरी आणि नवरा तिन्ही जागेवर आहेत.

आपण सगळे पत्ते खेळतच वाढलो. मे महिन्यात झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, मोठ्यांचा मेंढीकोट, आणि गणपतीच्या जागरणाला माजघरात मुलांना हाकलून जे चालायचं ती तीनपत्ती. पोकर या तीनपत्तीच्या नात्यातलाच, पण स्वभावाने फार वेगळा. जो प्रकार मी खेळते त्याला टेक्सास होल्डेम म्हणतात. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलाच्या मध्यभागी आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी पाच पानं उघडी पडतात. ती सगळ्यांची. सातांतून आपली उत्तम पाच निवडायची. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे किंवा पानं टाकून बाजूला व्हायचं. तीनपत्तीत माहिती जवळजवळ नसते. इथे पाच पानं समोर दिसत असतात आणि समोरच्याने आतापर्यंत काय काय केलं हेही दिसत असतं. त्यातून त्याच्या हातात काय असेल याचा अंदाज बांधायचा. आपल्या गणिताच्या बाईंनी संभाव्यता शिकवताना फासे आणि नाणी वापरली होती. पत्ते वापरले असते तर मागच्या दोन बाकांवरच्यांनाही पैकीच्या पैकी मिळाले असते!

स्पर्धेत एक गोष्ट निराळी असते. प्रवेशशुल्क एकदाच भरायचं. त्या बदल्यात सगळ्यांना सारख्याच चकत्या, म्हणजे चिप्स मिळतात. त्या संपल्या की घरी. त्यामुळे एका स्पर्धेत जास्तीत जास्त किती जाणार हे दारातच ठरतं. ठरावीक मिनिटांनी सक्तीची बोली वाढत जाते, म्हणून नुसतं चांगल्या पानांची वाट बघत बसलं तर चिप्स झिजून संपतात. साधारण वरच्या दहा-पंधरा टक्के खेळाडूंना बक्षीस मिळतं, बाकीच्यांना शून्य. बक्षिसाच्या उंबरठ्यावर बाहेर पडणं याला 'बबल' म्हणतात, आणि तो अनुभव दहावीला एका टक्क्याने मेरिट हुकलेल्यांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

हे वेड जगभर पसरलं ते २००३ साली. अमेरिकेतल्या टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट (आडनाव खरंच तेच आहे) ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास व्हेगासच्या मुख्य जागतिक स्पर्धेत पोचला. तिचं प्रवेशशुल्क दहा हजार डॉलर. तिथे तो ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत २,५७६ जण होते. प्रत्येक ऑफिसातल्या प्रत्येक अकाउंटंटला वाटलं, आपणही. ८३९ पैकी उरलेल्या ८३८ जणांची गोष्ट कुणी सांगत नाही, त्यातली थोडी आज मी सांगते.

मी २०१७ साली पुण्यात एका सहकाऱ्याच्या घरी शिकले, दहा-दहा रुपयांवर. त्याच वर्षी पहिल्यांदा गोव्याला गेले. पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी नांगरून असतात. जेट्टीवरून छोट्या होडीने तिथे जायचं. पोकरची खोली बाकीच्या गोंगाटापासून वेगळी आणि आश्चर्य वाटेल इतकी शांत. चिप्सचा किटकिट आवाज तेवढा, ग्रंथालयात शेंगा सोलल्यासारखा. टेबलावर नऊजण, त्यात बहुतेक वेळा बाई मी एकटीच. जगभर हीच स्थिती आहे. व्हेगासच्या त्या मुख्य स्पर्धेत १९९५ साली बार्बरा एनराइट पाचवी आली. त्यानंतर शेवटच्या टेबलावर पोचणारी पुढची स्त्री स्पेनची लिओ मार्गेट्स, थेट २०२५ साली.

माझ्या टेबलावर कानात हेडफोन घातलेली बावीस-पंचविशीची मुलं असतात. ती मला 'मॅडम' म्हणतात, रात्र चढली की 'आंटी'. चष्मा, कुर्ता आणि चाळिशी पाहून त्यांनी ठरवलेलं असतं की ही बाई हातात भारी पानं असल्याशिवाय पैसे लावणार नाही. मी दोन तास अगदी तशीच खेळते. तिसऱ्या तासाला हातात काहीही नसताना मोठी बोली लावते आणि ती पोरं आदराने पानं टाकतात. समाजाने आपल्याबद्दल करून घेतलेल्या समजुतीचा एवढा रोख मोबदला मला आजवर दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

एक डाव सांगते. २०१९, गोवा. दुपारी दोनला सुरू झालेली स्पर्धा, रात्रीचे अकरा वाजलेले. आम्ही २४ जण उरलो होतो आणि बक्षिसं २३ जणांना होती. मला दोन एक्के आले. हा हात सरासरी २२१ डावांत एकदा येतो. समोरच्या मुलाने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या, मीही ढकलल्या. त्याच्या माझ्यापेक्षा थोड्या जास्त होत्या. त्याने पानं उघडली, दोन राजे. इथे एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात. चार पानं निर्धोक पडली. पाचवा चौकटचा राजा.

मी उठले, त्याच्याशी हात मिळवला, होडीने जेट्टीवर आले आणि एका गाड्यावर रोस ऑमलेट खाल्लं. नवऱ्याचा फोन आला, "काय झालं?" म्हटलं, "चोविसावी आले, छान खेळले." त्याला वाटलं मी रडवेली झाले आहे. तसं नव्हतं. तोच डाव शंभर वेळा आला तर शंभरही वेळा मी चिप्स पुढे ढकलीन आणि अठरा वेळा उठून जेट्टीवर येईन. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट फार अवघड जाते, कारण आमच्याकडे प्रोग्रॅम चालला नाही म्हणजे कुठेतरी चूक असतेच. इथे नसते. आणि उलटही होतं, भिकार खेळून माणूस जिंकतो. ते जास्त धोक्याचं, कारण त्याला वाटतं की त्याला खेळ येतो.

माझ्याकडे वही आहे. गोव्यात आजवर अकरा स्पर्धा. प्रवेशशुल्क एकूण १ लाख ४८ हजार, बक्षिसं १ लाख ६१ हजार. त्यातली बरीचशी एकाच वेळची, सहावी आले होते तेव्हाची. वर प्रवास आणि राहणं जवळपास ९० हजार. म्हणजे मी सुमारे ७७ हजारांनी तोट्यात, आणि बक्षिसावरचा ३० टक्के आयकर धरला तर त्याहून जास्त. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्याला कुणी 'कमावलंस किती' विचारत नाही, पण मला विचारतात. विचारावंही. पैशाचा खेळ आहे तर हिशेब दिलाच पाहिजे.

आता ऑनलाइन. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. मोबाइलवर एका टेबलावर साठ, आणि चार टेबलं एकदम उघडता येतात. त्या रात्री गोव्यात मी नऊ तासांत जेवढे डाव खेळले तेवढे ऑनलाइन तासाभरात संपतात. शिकायला हे उत्तम. मी शंभर-सव्वाशे रुपयांच्या स्पर्धा सात वर्षं खेळले आणि सगळं जमेस धरून तासाला वीस रुपये सुटले. पण समोर माणूस आहे याची खात्री नाही. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या प्रोग्रॅमने वीस दिवसांत १ लाख २० हजार डाव खेळून चार कसलेल्या व्यावसायिकांना हरवलं. दोन वर्षांनी 'प्लुरिबस'ने सहाजणांच्या टेबलावरही तेच केलं. इंजिनिअर म्हणून मी टाळ्या वाजवल्या, खेळाडू म्हणून जरा गार पडले.

खरी अडचण मात्र वेगाची आहे. गोव्यात हरल्यावर उठावं लागतं, होडीची वाट बघावी लागते, वारा लागतो. फोनवर हरल्यानंतर पुढच्याच क्षणी अंगठ्याखाली 'पैसे भरा'चं बटण असतं.

हे मी आज का बोलते आहे ते सांगते. आपल्याच वर्गातल्या एकाचा गेल्या मार्चमध्ये फोन आला. त्याच्या परवानगीने बोलते आहे, नाव सांगणार नाही, आणि कुणी अंदाज लावत बसू नये. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेल आणि मेसचे पैसे अशाच अ‍ॅपवर गेलेले. मित्र म्हणाला, "तू खेळतेस ना? मग त्याला न हरता कसं खेळायचं ते शिकव." तो रागावलेला नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की हा क्लासचा प्रश्न आहे.

मी मुलाला घरी बोलावलं. उपदेश केला नाही. तो त्याला भरपूर मिळाला होता. लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, बँकेचं स्टेटमेंट आण, अ‍ॅपमधले व्यवहार उतरव, आपण तक्ता करू. किती गेले विचारलं तर म्हणाला, "चाळीसेक हजार, मावशी." दोन संध्याकाळी बसलो. भरलेले वजा काढलेले, २ लाख १७ हजार. तो खोटं बोलत नव्हता. अ‍ॅप शिल्लक दाखवत होतं, आजवर भरलेली बेरीज समोर कुठेच येत नव्हती, आणि जिंकलेले मोठे आकडे तेवढे त्याच्या लक्षात होते. मित्रांकडून घेतलेले उसने त्याने मोजलेच नव्हते.

मग मी एक रकाना वाढवला. हरल्यानंतर किती मिनिटांनी पुन्हा पैसे भरले? बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांच्या आत. वेळ रात्री एक ते साडेतीन. सुरुवात पोकरने झाली होती, नंतर त्याहून झटपट संपणारी रमी, रक्कम वाढत वाढत. तो त्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे मी खेळतच नव्हतो." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

त्याला खेळायला शिकवायला मी नकार दिला. मित्राला ते लागलं. पण संभाव्यता शिकवून हा प्रश्न सुटणारा नव्हता. संभाव्यता त्या मुलाला माझ्याइतकीच येते. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. महिनाभर मित्र माझ्याशी बोलला नाही, मग एक दिवस फोन करून डॉक्टरांचा पत्ता मागितला. अजून उपचार चालू आहेत. दोन विषय राहिले आहेत. पैसे तर गेलेच.

त्यानंतर ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्याआधी ऑक्टोबर २०२३पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होताच. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं होतं. पोकरबद्दल उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. गुजरातने २०१७ साली तो जुगारच ठरवला. नव्या कायद्याने हा भेदच काढून टाकला, आणि त्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं आहे. मला विचाराल तर पोकर कौशल्याचा खेळ आहे, माझं मत बदललेलं नाही. पण कौशल्य दिसायला हजारो डाव लागतात, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाची फी एका रात्रीत संपते. कायदा करणाऱ्यांवर मी रागावू शकत नाही. माझे तासाला वीस रुपये बुडाले, हरकत नाही.

बंदीने सगळं संपलं असं मात्र समजू नका. तिसऱ्याच आठवड्यात त्या मुलाच्या फोनवर परदेशी साइटची लिंक आली. त्याने ती वडिलांना दाखवली.

इथे बसलेल्या बहुतेकांची मुलं त्याच वयाची आहेत. फोन हिसकावू नका, एकदा सोबत बसून सहा महिन्यांचं स्टेटमेंट वाचा. रात्री बारानंतरच्या छोट्या छोट्या रकमा बघा. काही आढळलं तर 'टेलिमानस' ही सरकारी हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं. मलाही फोन करा, तक्ता करायला मी कधीही बसेन.

मी गोव्याला वर्षातून एकदा जाते, पुढेही जाईन, वही घेऊन. आज चहानंतर मागच्या वर्गात टेबल मांडलं आहे. पैसे नाहीत, चिंचोके आहेत, प्रत्येकी पन्नास. गणिताच्या बाईंनी पहिली खुर्ची धरली आहे आणि मघापासून त्या मला विचारताहेत की ते ८२ टक्के काढले कसे. बाई, आलेच.