पाठिंबा मागायला आले तर

(मुर्धा येथील बैठकीतील भाषण)



मुर्ध्याला येताना भाईंदरची मिठागरे लागली. इथे ना कापूस, ना ज्वारी. पण विधान परिषदेच्या काही जागांसाठी इथल्या नगरसेवकाला मत आहे, तसेच तुमच्याकडच्या जिल्हा परिषद सदस्यालाही आहे. तुम्हाआम्हाला नाही. तरी पाठिंब्याचे पत्रक मागायला मंडळी आपल्याच दारी येतात.

ही रीत जुनी. 1892 च्या कायद्याने मुंबईच्या कायदेमंडळात अशा जागा आल्या. 1895 साली मध्य विभागाच्या लोकल बोर्डांच्या जागेवर टिळक निवडून गेले. या विभागात खानदेश, नगर, सोलापूर. म्हणजे आपलाच कापूस, आपलीच ज्वारी. मते मात्र बोर्डाच्या सभासदांची. जिरायतवाल्याला विचारतो कोण?

1896 साली पावसाने दगा दिला. दुष्काळात सारा तहकूब करण्याचे नियम सरकारचेच होते, रयतेला ते ठाऊक नव्हते. सार्वजनिक सभेच्या प्रचारकांनी ते मराठीतून गावोगाव सांगितले. कर्ज काढून सारा भरू नका, असे 'केसरी'ने बजावले. सरकारने 1897 मध्ये सभेची मान्यता काढली. टिळक त्याच वर्षी पुन्हा निवडून आले, आणि जुलैत राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. जागा सोडावी लागली.

पण हेच टिळक 1899 च्या खोती बिलाच्या वेळी कुळांच्या नव्हे, खोतांच्या बाजूने उभे राहिले. म्हणून आम्ही म्हणतो, पाठिंबा साऱ्याच्या प्रश्नाला द्यायचा होता, माणसाला जन्मभरासाठी नव्हे.

अमेरिकेत सेनेटची जागा 1913 पर्यंत राज्यांचे आमदारच भरीत. 1855 साली इलिनॉय राज्यात लिंकन उभे होते. पहिल्या फेरीत त्यांना सर्वांत जास्त, 44 मते. पुढे जमेना. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा कोणीतरी जावा म्हणून त्यांनी आपली मते ट्रम्बुल यांना दिली. ट्रम्बुल डेमोक्रॅट, म्हणजे विरोधी पक्षातले! पहिल्या फेरीत त्यांना फक्त 5 मते होती. आमच्याकडे गटाचा माणूस पडला तर मते कुजवतील, पण दुसऱ्याला देणार नाहीत.

तेव्हा यंदा पत्रक मागायला कोणी आले की चहा द्या, बसवा. पक्ष कोणता, हे नंतर. आधी विचारा: मार्च 2012 मध्ये कापसाची निर्यात बंद केली, तेव्हा साहेब, तुम्ही कुठे होता, आणि काय बोललात?