फसवून नेलेल्या लेकी आणि त्यांचे आजार
(कोडोली, तालुका पन्हाळा येथील सभेंत झालेलें भाषण)



वारणेकांठच्या या गांवांत ऊस-दुधाच्या गोष्टी रोज होतात. आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, त्याचें नांव निघतांच घरोघरीं माना खालीं जातात. पण मान खालीं घातल्यानें गेलेली लेक परत येत नाहीं.

मुली देवाला सोडण्यास शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत 1920 सालीं कायद्यानें बंदी केली. मुंबई इलाख्याचा कायदा 1934 त झाला, महाराष्ट्राचा 2005 त. तरीहि यल्लम्माच्या नांवानें माळ गळ्यांत पडलेल्या कित्येक गरीब पोरी कामाठीपुऱ्यांत पोंचल्या. आज दलाल देवाचें नांव घेत नाहीं. तो बिनहुंड्याचें लग्न ठरवितो, नाहीं तर शहरांत नोकरी लावतों म्हणतो.

तेथें तिच्या शरीराचें काय होतें? लोक म्हणतात, पाप केलें म्हणून रोग झाला. हें साफ खोटें आहे. तिला “नाहीं” म्हणतां येत नाहीं, म्हणून रोग होतो. तिनें न घेतलेलें कर्ज तिच्या नांवावर मांडलेलें असतें. गिऱ्हाईक निरोध वापरीत नसलें तरी माराच्या भीतीनें ती गप्प बसते. गरमीचा रोग पेनिसिलिनच्या सुईनें बरा होतो. पण बाईला बाहेरच पडूं दिलें नाहीं, तर तोच रोग पोटांतल्या मुलाचा जीव घेतो. दिवस गेले तर भोंदू वैद्यापुढें निजवितात. कोंदट खोलींत क्षय वाढतो. एच. आय. व्ही. वरचें औषध सरकारी दवाखान्यांत 2004 पासून फुकट मिळूं लागलें. तें नेमानें घेतल्यास विषाणू इतका दबतो कीं संबंधांतून दुसऱ्याला लागत नाहीं. पण कोंडलेल्या बाईच्या हातीं रोजची गोळी कोण देणार?

शेजारच्या सांगलींत ‘संग्राम’ संस्थेनें 1992 पासून या बायांनाच पुढें करून काम केलें. 1996 त त्यांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. निरोध वांटणाऱ्या त्याच, आजारी बहिणीला दवाखान्यांत नेणाऱ्याहि त्याच. आपण हें काम आपखुषीनें करतों, असें त्यांतल्या पुष्कळजणी सांगतात. त्यांचें म्हणणें आपण ऐकलें पाहिजे. फसवून विकलेल्या पोरीची गोष्ट निराळी. तिची सुटकाच झाली पाहिजे. मात्र दवाखान्याचें दार दोघींना सारखेंच उघडें हवें. एच. आय. व्ही. च्या नांवाखालीं उपचार नाकारण्यास 2017 च्या कायद्यानें मनाई केली. अत्याचार झालेल्या वेश्येला ताबडतोब वैद्यकीय मदत द्या, असें सर्वोच्च न्यायालयानें 2022 सालीं बजावलें.

आतां आपलें काम ऐका. स्थळ आलें तर मुलाचें गांव व घर डोळ्यांनीं पाहून या. नोकरी सांगणाऱ्याकडून पत्ता घ्या व तेथें माणूस पाठवा. संशय येतांच 112 वर, अल्पवयीन पोर असेल तर 1098 वर कळवा. आणि एखादी परत आली, तर तिला आधीं जेवूं घाला, मग दवाखान्यांत न्या. ती कोठें होती, हें गांवभर विचारीत बसूं नका. विकणाऱ्याला जात-पंगत कांहीं विचारीत नाहीं. विकली गेली तिलाच आपण पंक्तींतून उठवितों, हा कसला धर्म?